बंदुकीच्या नळीच्या दोन बाजू : शस्त्रांवरील माहितीपट कसे पाहावेत

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील संग्रहालयात तलवारी, कट्यारी, भाले आणि बंदुका काचेआड मांडून ठेवलेल्या आहेत. पाहणारा माणूस मुठीवरचे नक्षीकाम न्याहाळतो, पात्याची लांबी डोळ्यांनी मोजतो आणि पुढे सरकतो. त्याच संग्रहालयात शिकारीत मारलेले आणि पेंढा भरून उभे केलेले वाघ आणि इतर प्राणीही आहेत. मी तिथे अनेकदा गेलो आहे, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वर्षे लागली, ती म्हणजे शस्त्र आणि शस्त्राचा घाव या दोन गोष्टी तिथे एकत्र दिसतात त्या फक्त प्राण्यांच्या बाबतीत. त्या तलवारी आणि बंदुका ज्या माणसांवर चालल्या, ती माणसे, त्यांची घरे, त्यांच्यामागे राहिलेले संसार काचेआड कुठेच नाहीत. संग्रहालयाचा हा दोष म्हणता येणार नाही, कारण वस्तू जपणे हेच त्याचे काम आहे. पण जे तिथे दिसत नाही ते दाखवण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते, आणि गेल्या शंभरहून अधिक वर्षांत ती मोठ्या प्रमाणावर माहितीपटांनी घेतली आहे.

माहितीपट म्हणजे घडलेल्या गोष्टींवर, खऱ्या माणसांवर आणि खऱ्या कागदपत्रांवर उभा असलेला चित्रपट, एवढी व्याख्या आपल्याला पुरेशी आहे. मात्र ‘खऱ्यावर उभा असलेला’ याचा अर्थ ‘जसेच्या तसे खरे’ असा होत नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा, कधी सुरू करायचा, कोणाचे बोलणे ठेवायचे आणि कोणाचे कापायचे, हे माणूसच ठरवतो. शस्त्रांवरील माहितीपटांच्या बाबतीत या निवडीला फार वजन येते. म्हणून असा माहितीपट पाहताना एक प्रश्न सतत मनाशी ठेवावा, असे मला वाटते : कॅमेरा बंदुकीच्या नळीच्या मागे उभा आहे की पुढे? नळीच्या मागे उभे राहिले की शस्त्राचा पल्ला, वेग, अचूकता आणि ते चालवणाऱ्याचे कौशल्य दिसते. पुढे उभे राहिले की ज्याच्यावर ते चालते तो माणूस दिसतो. नळीपासून बराच दूर गेलेला कॅमेरा तिसरी गोष्ट दाखवतो, ती म्हणजे शस्त्र बनवणारा कारखाना, त्याला पैसा पुरवणारी व्यवस्था आणि गोळी झाडली गेल्यानंतर अनेक वर्षे बदललेले समाजजीवन.

बंदूक आणि कॅमेरा यांचे नाते जुने आहे. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी 1882 मध्ये उडत्या पक्ष्यांच्या हालचालींचा अभ्यास करण्यासाठी एक यंत्र तयार केले. त्याचा आकार बंदुकीचा होता, त्याला चाप होता, नेम धरावा लागत असे, आणि चाप ओढला की एका सेकंदात बारा छायाचित्रे निघत. पक्षी मरत नसे, त्याची हालचाल तेवढी टिपली जात असे. चलच्चित्राच्या पूर्वजांपैकी हे एक महत्त्वाचे यंत्र होय. आपल्याकडे मात्र सुरुवात वेगळ्या विषयाने झाली. ‘सावेदादा’ म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये टिपले ते कुस्तीचे दृश्य होते. एका मराठी माणसाने कॅमेरा पहिल्यांदा वळवला तो निःशस्त्र मल्लांकडे, याचे तालमींच्या या गावातील माणसाला अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. पुढे बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरातच स्वतःचा कॅमेरा घडवला आणि 1923 मध्ये ‘सिंहगड’सारखा चित्रपट केला. त्यातली लढाई रचलेली आहे हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. माहितीपटाच्या प्रेक्षकाला ही खात्री नसते, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

या अडचणीचे सर्वांत जुने मोठे उदाहरण पहिल्या महायुद्धातील आहे. 1 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये सॉमची लढाई सुरू झाली आणि त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे 19 हजारांहून अधिक सैनिक मारले गेले. त्या लढाईचे चित्रण करून तयार केलेला माहितीपट ऑगस्ट 1916 मध्ये ब्रिटनमध्ये दाखवला गेला आणि पहिल्या सहा आठवड्यांतच सुमारे दोन कोटी तिकिटे विकली गेली. त्यातील सर्वांत गाजलेल्या दृश्यात सैनिक खंदकाच्या काठावर चढून पुढे झेपावतात आणि त्यातला एकजण गोळी लागून मागे घसरतो. हे दृश्य प्रत्यक्ष लढाईचे नव्हते, आघाडीच्या मागे, सुरक्षित जागी ते करवून घेतलेले होते. कारण अगदी साधे आहे. त्या काळचा कॅमेरा जड होता, तो तिकाटण्यावर ठेवून हाताने दांडा फिरवावा लागे, आणि समोर यंत्रबंदुका चालू असताना खंदकाबाहेर असा कॅमेरा उभा करणे म्हणजे मरण ओढवून घेणे होते.

मग हा माहितीपट खोटा ठरतो का? मला तसे वाटत नाही, पण त्याला सरसकट खराही म्हणता येत नाही. त्याच माहितीपटात जखमी सैनिकांची, स्ट्रेचरवरून नेल्या जाणाऱ्या माणसांची आणि मृतदेहांची खरी दृश्ये आहेत, आणि घरी बसलेल्या ब्रिटिश नागरिकांनी स्वतःच्या सैन्याचे मृत असे पडद्यावर पाहिले ते त्या वेळी. म्हणजे रचलेले दृश्य आणि खरे दृश्य एकाच रिळात शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांच्यामधली रेघ प्रेक्षकाला दाखवलेली नाही. एखादा प्रसंग पुन्हा उभा करणे हा गुन्हा नाही, मात्र तो पुन्हा उभा केलेला आहे हे सांगायला हवे. हे न सांगण्याची सवय अजून गेलेली नाही. मे 2025 मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात संघर्ष पेटला तेव्हा व्हिडिओ गेममधील दृश्ये खऱ्या हल्ल्याची म्हणून घराघरांतील मोबाइलवर फिरत होती. जाणती माणसेही ती पुढे पाठवत होती.

चित्रण खरे असले, तरी ते कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न उरतोच. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर आणि 9 ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत एकट्या हिरोशिमात सुमारे 1 लाख 40 हजार माणसे मरण पावली, असा अंदाज आहे. एका जपानी चित्रपट कंपनीच्या छायाचित्रकारांनी त्या शरद ऋतूत दोन्ही शहरांत जाऊन चित्रण सुरू केले. भिंतींवर उमटलेल्या माणसांच्या सावल्या, भाजलेली पाठ, केस गळलेली मुले, वितळलेल्या बाटल्या, हे सारे त्यांनी टिपले. अमेरिकी लष्कराने आधी हे काम थांबवले, नंतर स्वतःच्या देखरेखीखाली पूर्ण करून घेतले आणि 1946 मध्ये सगळी रिळे अमेरिकेला नेली. त्या जपानी मंडळींनी एक प्रत गुपचूप छतात लपवून ठेवली होती, पण ती उघडपणे दाखवण्याची सोय नव्हती. ती रिळे जपानला परत मिळाली ती दोन दशकांनी. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठातील एरिक बार्नाव यांनी अडीच तासांहून अधिक लांबीच्या त्या चित्रणातून केवळ सोळा मिनिटांचा माहितीपट तयार केला आणि तो 1970 मध्ये, बॉम्बहल्ल्याला पंचवीस वर्षे होताना, अमेरिकी दूरचित्रवाणीवर दाखवला गेला.

या पंचवीस वर्षांकडे जरा थांबून पाहावे. अणुबॉम्बच्या छत्रीसारख्या ढगाचे चित्र जगभर पोहोचले होते, वर्तमानपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांत छापले गेले होते. तो ढग विमानातून टिपलेला आहे, म्हणजे कॅमेरा नळीच्या मागे आहे. ढगाखालची माणसे ज्या रिळांत होती ती कुलपात होती. चित्र उपलब्ध होते आणि तरीही ते लोकांसमोर नव्हते. याच पंचवीस वर्षांत अण्वस्त्रांची स्पर्धा वाढली, चाचण्या झाल्या, आणि त्यावरची सार्वजनिक चर्चा बहुतांशी ढगाचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून होत राहिली. ब्रिटनमध्येही असेच घडले. अणुहल्ला झाल्यास एका ब्रिटिश परगण्याचे काय होईल, हे माहितीपटाच्या शैलीत दाखवणारा ‘द वॉर गेम’ हा चित्रपट बीबीसीने 1965 मध्ये स्वतःच करवून घेतला, आणि तो प्रेक्षकांना सोसणार नाही असे ठरवून वीस वर्षे प्रक्षेपित केला नाही. 1991 च्या आखाती युद्धात तर बॉम्बच्या टोकावरच कॅमेरे बसवलेले होते. लक्ष्य जवळ येताना दिसे आणि आदळण्याच्या क्षणी पडदा कोरा होई. टाकलेल्या एकूण बॉम्बपैकी असे मार्गदर्शित बॉम्ब दहा टक्क्यांहूनही कमी होते, पण दूरचित्रवाणीवर तेच पुन्हा पुन्हा दिसल्यामुळे सगळे युद्धच असे अचूक आणि स्वच्छ असल्याचा समज पसरला.

इथे वाचकाला वाटेल की उपाय सोपा आहे : जखमा दाखवा, लोकांना समजेल. जर्मनीतील दिग्दर्शक हारून फारोकी, ज्यांचे वडील भारतीय डॉक्टर होते, त्यांनी 1969 मधील आपल्या छोट्या माहितीपटात याच समजुतीला हात घातला. विषय होता व्हिएतनाममध्ये वापरला जाणारा नापाम, म्हणजे अंगाला चिकटून जळत राहणारे घट्ट इंधन. फारोकी स्वतः एका टेबलामागे बसून एका व्हिएतनामी माणसाची साक्ष सपाट आवाजात वाचतात. मग ते म्हणतात, त्याचा आशय असा : आम्ही तुम्हाला भाजलेली माणसे दाखवली तर तुम्ही डोळे मिटाल, आधी त्या चित्रांपुढे, मग त्या आठवणीपुढे, आणि शेवटी त्या संपूर्ण विषयापुढे. त्यानंतर ते पेटती सिगारेट उचलून स्वतःच्या हातावर विझवतात. निवेदक सांगतो की सिगारेट सुमारे 400 अंशांवर जळते आणि नापाम सुमारे 3000 अंशांवर.  पण तो छोटासा डाग पाहताना प्रेक्षक डोळे मिटत नाही, आणि उरलेला गुणाकार त्याला स्वतःच्या मनात करावा लागतो. शस्त्रांवरील माहितीपटात काय दाखवावे आणि काय दाखवू नये, या वादाला इतके नेमके उत्तर मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

याच माहितीपटाचा दुसरा भाग शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या माणसाने आवर्जून पाहण्यासारखा आहे. कॅमेरा आता नळीपासून दूर, रसायने बनवणाऱ्या कंपनीत जातो. तिथला प्रत्येक कर्मचारी आपापला लहान तुकडा सांभाळतो. कोणी चिकटपणा वाढवण्यावर काम करतो, कोणी ज्वलनावर, आणि तयार होणारी वस्तू कुठे पडणार आहे याचा विचार करणे कोणाच्याच कामात बसत नाही. शेवटी एक दृष्टान्त येतो. व्हॅक्यूम क्लीनरच्या कारखान्यातला कामगार बायकोसाठी रोज एक सुटा भाग घरी नेतो, पण ते भाग तो कसेही जोडले तरी त्यातून बंदूकच तयार होते. आपल्याकडच्या फाउंड्रीत ओतकाम करणाऱ्या माणसाला या दृष्टान्ताचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. साचा हातात येतो, मागणीप्रमाणे माल जातो, आणि त्या सुट्या भागाचे पुढे काय होते हे पावतीवर लिहिलेले नसते. शस्त्राचा समाजावरील परिणाम गोळी लागल्यावर सुरू होतो असे आपण धरून चालतो, पण तो त्याच्या फार आधी, श्रमाच्या अशा वाटणीतही सुरू झालेला असतो.

शस्त्र चालवण्याचा हुकूम देणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर बसवणे हीही एक पद्धत आहे. एरॉल मॉरिस यांच्या 2003 मधील माहितीपटात अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा बोलतात. मॉरिस यांनी अशी यंत्रणा वापरली की बोलणाऱ्याला भिंगाच्या जागी प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा दिसतो, आणि त्यामुळे तो थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहून बोलतो. मार्च 1945 मध्ये आगीच्या बॉम्बनी टोकियोत एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे जाळली गेली, आणि युद्ध हरलो असतो तर आम्ही गुन्हेगार ठरलो असतो, अशी कबुली त्या वेळी अमेरिकी हवाई दलात अधिकारी असलेला हा वृद्ध माणूस आपल्याकडे पाहत देतो. नळीच्या मागे राहूनही कॅमेरा किती खोल जाऊ शकतो याचे हे उदाहरण आहे, आणि म्हणूनच माझा सुरुवातीचा प्रश्न कुठली बाजू चांगली आणि कुठली वाईट हे ठरवण्यासाठी नाही. बाजू ओळखता यावी, एवढेच पुरे आहे.

संकलनाची ताकद समजून घ्यायची असेल तर मायकेल मूर यांचा 2002 मधील ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ पाहावा. 20 एप्रिल 1999 रोजी अमेरिकेतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाला गोळ्या घालून ठार केले. अमेरिकेतच इतक्या बंदुका का चालतात, असा मूर यांचा प्रश्न आहे. चित्रणादरम्यान ते त्या घटनेत जखमी झालेल्या तरुणांना घेऊन के-मार्ट या दुकानसाखळीच्या मुख्यालयात गेले, कारण गोळ्या तिथूनच विकत घेतलेल्या होत्या, आणि कंपनीने नव्वद दिवसांत पिस्तुलाच्या गोळ्यांची विक्री बंद करण्याचे जाहीर केले. माहितीपट बनत असतानाच त्याचा परिणाम घडल्याची अशी उदाहरणे विरळा आहेत. पण याच माहितीपटात शोकाच्या दृश्यांनंतर लगेच बंदूकधारकांच्या संघटनेचे अध्यक्ष बंदूक उंचावून आव्हानाची भाषा करताना दिसतात, आणि हे त्या हत्याकांडानंतर लगेचच घडले असा प्रेक्षकाचा समज होतो. प्रत्यक्षात ते वाक्य सुमारे वर्षभरानंतर, दुसऱ्या शहरातील सभेत उच्चारलेले होते. दोन्ही तुकडे खरे आहेत, त्यांना जोडणारा टाका मात्र दिशाभूल करतो. ज्या बाजूशी आपण सहमत असतो त्या बाजूचा टाका तपासणे अधिक कठीण जाते, आणि मूर यांच्याशी बव्हंशी सहमत असलेला प्रेक्षक म्हणून हे मी स्वतःलाही बजावत असतो.

भारतात 1948 मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे समाचारपट चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवणे अनेक दशके बंधनकारक होते, आणि आमच्या आधीच्या पिढीने शस्त्रे पडद्यावर पाहिली ती बहुधा तिथे, संचलनाच्या दृश्यांत. वेगळा सूर लागला तो स्वतंत्र दिग्दर्शकांकडून. 11 आणि 13 मे 1998 रोजी भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पाकिस्ताननेही केल्या. आनंद पटवर्धन यांनी दोन्ही देशांत, तसेच जपान आणि अमेरिकेत चित्रण करून 2002 मध्ये ‘जंग और अमन’ पूर्ण केला. सिनेमॅटोग्राफ कायदा, 1952 नुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी माहितीपटालाही प्रमाणपत्र लागते, आणि सेन्सॉर मंडळाने त्यात 21 काटछाटी मागितल्या. दिग्दर्शकाने न्यायालयात दाद मागितली आणि 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो एकही काट न देता दाखवण्यास मोकळीक दिली. झारखंडमधील जादूगोडा येथील युरेनियम खाणीलगतच्या आदिवासी वस्त्यांवर श्रीप्रकाश यांनी 1999 मध्ये केलेला माहितीपट त्याहून अधिक लोकांनी पाहायला हवा होता. तिथे बॉम्ब दिसतच नाही. खाणीतला गाळ साठवण्याचे तलाव दिसतात, आजारांबद्दल बोलणारी माणसे दिसतात, आणि त्यांचे म्हणणे खाण चालवणारी कंपनी नाकारते तेही कळते.

अशा माहितीपटांमुळे कायदे बदलतात का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जानेवारी 1997 मध्ये ब्रिटनच्या राजकुमारी डायाना अंगोलातील भूसुरुंगांच्या क्षेत्रातून चालत गेल्या, ती दृश्ये जगभर दाखवली गेली, आणि डिसेंबर 1997 मध्ये ओटावा येथे भूसुरुंगबंदीच्या करारावर सह्या झाल्या. भारत आजही त्या कराराचा सदस्य नाही. दृश्यांमुळे करार झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण अनेक देशांतील संघटना त्यासाठी वर्षानुवर्षे झटत होत्या आणि त्यांच्या मोहिमेला त्याच वर्षी नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. तयार झालेल्या जमिनीत पडलेला पाऊस, एवढेच त्या दृश्यांचे श्रेय.

आता कोल्हापूरकडे वळू. या शहरातील शस्त्रांवर माहितीपट करायचा म्हटले तर कोणाच्याही मनात पहिल्यांदा मर्दानी खेळ येईल : दांडपट्टा, बोथाटी (बोथट टोकाचा भाला), विटा (दोरी बांधलेला भाला), फरीगदका (ढाल आणि काठीचा खेळ), आणि पट्ट्याने माणसाच्या अंगावर ठेवलेले लिंबू कापणारा खेळाडू. ते चित्रण देखणे होईल आणि ते व्हायलाच हवे, कारण ही कला जपणाऱ्या वस्तादांचे आपल्यावर ऋण आहे. पण तेवढ्यावर थांबलेला कॅमेरा नळीच्या मागेच राहील. युद्धकलेचा ‘खेळ’ कसा झाला, हे सांगण्यासाठी त्याला 1844 मधील सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांच्या उठावाकडे जावे लागेल. तो मोडल्यावर इंग्रजांनी गडांची तटबंदी पाडली. 31 जुलै 1857 रोजी कोल्हापुरातील 27 व्या पलटणीचा उठाव झाला, आणि पुढे 1878 च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे अशक्य केले. खंडेनवमीला आपण शस्त्रे पुजतो, तीच हत्यारे एकेकाळी घराघरांतून हिरावली गेली होती. समाजावर परिणाम शस्त्र असण्याने होतो, तसाच ते काढून घेण्यानेही होतो.

आणि त्या माहितीपटाला याच शहरातील एका सकाळीही यावे लागेल. 16 फेब्रुवारी 2015 रोजी कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई सकाळचे फिरून घराकडे परतत असताना मोटारसायकलवरून आलेल्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. 20 फेब्रुवारीला पानसरे यांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर शहरातील लोक ठरवून एकत्र सकाळी बाहेर पडू लागले आणि त्या चालण्याला ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ असे नाव मिळाले. तोवर फिरायला जाणे ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, आणि तिच्यामागे ‘निर्भय’ हा शब्द लावण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. हे दाखवायला पडद्यावर पिस्तूल आणण्याची आवश्यकता नाही. उजाडताना त्या रस्त्यावर कॅमेरा उभा करावा आणि चालणारी माणसे समोरून येऊ द्यावीत.